मारणाऱ्याच्या हातचं मलम

आमच्या घरात जो मारायचा, तोच औषध लावायचा. हा रिवाज कुणी पाडला ते मला ठाऊक नाही, पण मला समजायला लागल्यापासून तो होता आणि मोडलेला मी पाहिला नव्हता. वडील आईला कमरेच्या पट्ट्याने मारत. स्वतःचा हात दुखेपर्यंत मारत. मग मोरीत जाऊन हातपाय धूत, सहाण मांडून आंबेहळद उगाळत, वाटी गॅसवर जरा कोमट करत आणि म्हणत, "ये, पाठ कर इकडे." आई पाठ करायची. लेप लावताना वडिलांचा आवाज इतका मऊ व्हायचा की शेजारच्या काकू खिडकीतून बघून म्हणायच्या, "काही म्हणा, माणूस मायाळू आहे."

मायाळू म्हणे. त्या बाईचं तोंड तेव्हाच बंद करायला हवं होतं. पण मी लहान होते आणि मलाही ते खरंच वाटायचं. पंचवटीतली आमची गल्ली एवढी अरुंद की पट्ट्याचा आवाज दहा घरांना ऐकू जायचा आणि मागोमाग हळदीचा वासही पोचायचा. वास आला की लोक निश्चिंत होऊन आपापल्या कामाला लागायचे. मिटलं म्हणायचे.

मी कॉलेजात असताना वडील गेले. एका सकाळी भाजीबाजारातच छातीत कळ आली आणि संपलं. मी रडले नाही, म्हणून आईने मला बोल लावला. पट्टा वडिलांबरोबर गेला, रिवाज मात्र राहिला. तो दादाकडे आला.

दादा माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. सातपूरच्या एका कारखान्यात नोकरीला होता, सिडकोत फ्लॅट घेतला होता. दारूला शिवत नव्हता. हे मुद्दाम सांगते, कारण लोकांना दारूचं कारण फार आवडतं. बाटलीवर ढकललं की माणूस सुटतो. आमचा दादा शुद्धीत मारायचा, नुकती दाढी करून, इस्त्रीच्या शर्टात.

वहिनी येवल्याची. तिच्या माहेरी पैठणीचे माग होते आणि ती स्वतः लहानपणापासून मागावर बसायची. ती हसायची फार, आणि मोठ्याने. पहिला मार तिला हसण्यावरूनच बसला. दादाचे साहेब घरी जेवायला आले होते, कुणीतरी काहीतरी बोललं आणि ही खदखदून हसली. साहेब जिना उतरतात न उतरतात तोच दादाने दार लावलं. हे मला तिनेच सांगितलं, आणि सांगतानाही हसली. माझ्या मात्र ऐकूनच डोक्यात तिडीक गेली.

मी डोळ्यांनी पाहिलं ते त्यानंतर. दादा दुपारपाळीला निघाला होता आणि मी त्यांच्याकडे जेवायला गेले होते. तो दारात बूट घालून उभा. कंपनीचे बूट, पुढे लोखंडी टोपी असलेले. त्याने डबा मागितला. कुकर शिट्ट्या देत होता, वहिनीला ऐकू गेलं नाही. त्याने दुसऱ्यांदा हाक मारली नाही. तो बूट घालून स्वयंपाकघरात आला, तेव्हाच मी ताटावरून उठले. आमच्यात चपलासुद्धा उंबऱ्याच्या आत कुणी घालत नाही.

त्याने मागून तिचे केस धरले आणि कपाळ ओट्याच्या कडप्प्यावर आपटलं. एकदा आपटून थांबला, नीट लागलं का ते बघितल्यासारखा, आणि पुन्हा आपटलं. ती खाली बसली. मग त्याने बुटाची लाथ घातली, नडगीवर, हाडावर. तो आवाज मला आजही नको वाटतो. मी मध्ये पडले तर त्याने मला दंडाला धरून फ्रिजवर फेकलं. वरचा काचेच्या बरण्यांचा ढीग माझ्या अंगावर आला. वहिनी ओरडत नव्हती. ओट्याखाली सरकून ती पाय पोटाशी घेत होती, आणि तो वाकून पाय बाहेर ओढून पुन्हा मारत होता.

मग थांबला. बूट काढले, दाराबाहेर नेऊन जोडीने ठेवले. साबणाने हात धुतले. फ्रिजच्या वरून एक ट्यूब काढली, काचा बाजूला सारून फरशीवर मांडी घातली आणि म्हणाला, "आण पाय." अगदी वडिलांच्या आवाजात. तिने पाय दिला. त्याने फुंकर घालत घालत मलम लावलं, कपाळाला लावलं, माझ्याकडे बघून म्हणाला, "तुलाही लागलंय का गं कुठं?" पाळीला उशीर झाला, पण लावूनच गेला.

ती ट्यूब म्हणजे औषधाच्या दुकानात चिठ्ठीशिवाय मिळायची ती, खाजेवर, गजकर्णावर, पुरळावर, सगळ्यावर चालते असं सांगून देत ती. दादाला कधी मानेवर पुरळ आलं होतं, तेव्हा दुकानदाराने दिली होती. एका रात्रीत लाली गेलेली त्याने पाहिली आणि त्या ट्यूबवर त्याची श्रद्धाच बसली. लाल दिसायचं थांबलं म्हणजे बरं झालं, एवढं सरळ त्याचं गणित होतं. मारलं की लावायचा, आणि लाली उतरली की वहिनीला आरशासमोर उभी करून म्हणायचा, "बघ, काही राहिलं का?" काही राहिलं नाही म्हणजे काही झालंच नाही.

आता माझं सांगते. मी फार्मसीचं पुढचं शिक्षण घेत होते आणि माझा प्रकल्प कातडीवर लावायच्या औषधांवरच होता. लाज वाटावी असा योगायोग, पण विषय सरांनी दिला होता, मी मागितला नव्हता. सर उंच, वाकलेले, हळू बोलणारे. एका बालरोगतज्ज्ञांनी आपलं जुनं मशीन त्यांना देऊन टाकलं होतं. अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या अंगावर लावतात ते. रुपयाच्या नाण्याएवढी एक चकती कातडीवर चिकटवायची, ती आपोआप तापते, आणि खाली कातडीत प्राणवायू किती आहे त्याचा आकडा मशीनवर येतो.

सरांनी पहिल्याच दिवशी समजावलं होतं ते माझ्या डोक्यात पक्कं बसलं. कातडीला प्राणवायू मुख्यतः आतून मिळतो, रक्तातून. अगदी वरच्या पापुद्र्याला थोडा बाहेरच्या हवेतूनही मिळतो. वरून जाडजूड चिकट मलम थापलं की बाहेरची वाट अडते. अंग तापवणारा बाम चोळला की रक्त धावून येतं. आणि काही औषधं अशी असतात की ती आतल्या बारीक रक्तवाहिन्या आकसवून टाकतात. कातडी पांढुरकी पडते, दिसायला छान दिसते, पण तिथे रक्तच कमी येत असतं. आम्ही वेगवेगळी मलमं दंडावर लावून, पुसून, हे सगळं मोजणार होतो.

मोजायला दंड मात्र मिळेनात. चकती तापते म्हणून काढल्यावर गोल लाल चट्टा उठायचा आणि तो दिवसभर राहायचा. वर्गातली मुलं एकदा आली, पुन्हा फिरकली नाहीत. लग्नाच्या मुलींच्या आया तर माझ्या नावाने खडे फोडत होत्या. एकदा घरी मी हे रडगाणं गात होते. वहिनी पंचवटीत आली होती, शेंगा सोलत बसली होती. म्हणाली, "मी येते की ताई. माझ्या अंगावर एक डाग जास्त झाला तर कोणाला कळतंय?"

आई म्हणाली, "काहीतरी बोलू नकोस." वहिनी हसली. दादाला आम्ही सांगितलं की कॉलेजात काम आहे, वहिनीची मदत लागते. कॉलेजचं नाव निघालं की दादा मान डोलवायचा. त्याला बहिणीच्या शिक्षणाचा अभिमान होता.

वहिनी प्रयोगशाळेत यायची ती खुशीत. टेबलावर चादर टाकून आम्ही तिला आडवं करायचो, दंडावर चकती लावायचो, आणि आकडा स्थिरावेपर्यंत ती गप्पा मारायची. "सर, माझ्या कातडीचं बरं चाललंय ना?" असं विचारायची. सर गंभीरपणे म्हणायचे, "उत्तम चाललंय बाई." थोड्या वेळाने ती झोपून जायची. मी तिला उठवत नसे. आकडा लिहून झाला तरी चकती तशीच ठेवायचे, फक्त तापवायची बंद करायचे. तिथे तिला मारायला कुणी येणार नव्हतं, आणि ते तिच्या अंगाला माझ्या आधी कळलं होतं.

एके दिवशी सर म्हणाले, हाताचे आकडे भरपूर झाले, आता पायावर घेऊ. वहिनी उठून बसली. म्हणाली, "पाय नको सर." मी म्हटलं, काय झालं. मग तिने साडी घोट्यापासून हळूच वर घेतली.

मी जखमा पाहिल्या नव्हत्या असं नाही. पण ही बघून मी टेबल धरलं. बुटाची ती लाथ बसून दोन महिने होऊन गेले होते आणि नडगीवर बशीएवढी जखम तशीच उघडी होती. ओली, करडी, मधे पिवळट. कडेची कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी पातळ झालेली, खालच्या निळ्या शिरा दिसत होत्या. वास येत होता. आणि गंमत अशी की आजूबाजूला लालीचा पत्ता नव्हता. सगळं पांढरंफटक, शांत, दादाला आवडेल असं.

सरांनी चष्मा वर केला. जखमेला न शिवता, बाजूच्या कातडीवर त्यांनी चकती लावली. आम्ही थांबलो. आकडा वर यायचं नावच घेईना. दंडावर जेवढा येत होता त्याच्या निम्म्यावरही तो पोचला नाही. सरांनी चकती काढून माझ्या हातावर लावून पाहिली, मशीन बिघडलंय का म्हणून. मशीन ठणठणीत होतं.

"इथे काय लावता बाई तुम्ही?" सरांनी विचारलं.

वहिनीने पिशवीतून ट्यूब काढली. "हेच. सकाळ-संध्याकाळ. न चुकता लावत्यात."

"कोण लावतं?"

"आमचे मालक."

सरांनी ट्यूबवरची बारीक अक्षरं वाचली आणि ती माझ्या हातात दिली. म्हणाले, "हे स्टेरॉइड आहे. लाली जाते, कारण रक्तच कमी येतं. जखम भरायला तेच रक्त लागतं. सगळा दोष ट्यूबचा आहे असं मी म्हणणार नाही. मार जबर बसलाय, सूज आहे, पू आहे. पण भरायला लागली असती त्या जखमेला हे रोज मागे खेचत होतं." मग वहिनीला म्हणाले, "पडल्या कुठं?" वहिनी माझ्याकडे बघत राहिली. मी म्हटलं, "पडली नाही सर. माझ्या भावाने लाथ घातली." सर एकदम खाली बघायला लागले, आणि त्यांचा मला राग आला. खरं तर त्यांचा काय दोष, पण आला.

त्याच दुपारी मी तिला सर्जनकडे नेली. त्यांनी आडपडदा ठेवला नाही. म्हणाले, "पाय अजून वाचेल. ट्यूब आजपासून बंद. घरच्या कुणीही जखमेला बोट लावायचं नाही. एक दिवसाआड इथे येऊन ड्रेसिंग करायचं. पुन्हा तेच लावत राहिलात तर पू हाडात जाईल, आणि मग गुडघ्याखाली काय ठेवायचं ते मी ठरवीन."

रिक्षात बसल्यावर वहिनीने पाय जपून सरळ केला. मग म्हणाली, "ताई, येवल्याला माझा माग हाय अजून. बापाने मोडला नाय. मनात हाय माझ्या कवाचं, जाऊन बसावं, आपलं आपण कमवावं. पण मागाच्या फळ्या दोन पायांनी दाबाव्या लागत्यात. पाय गेला तर मी कुठंच जायची नाय." मी म्हटलं, पाय जाणार नाही, ट्यूब बंद केली की झालं. तेव्हा ती हसली, पण आवाज नव्हता त्या हसण्याला. "मार चुकवता येतो ताई. मलम कसं चुकवू?"

तिचं बरोबर होतं. आमच्या घरात मार खाताना रडलेलं चालायचं, पळालेलं चालायचं, शिव्याशाप दिलेले चालायचे. औषधाला नाही म्हटलेलं चालायचं नाही. तसं कुणी कधी म्हटलंच नव्हतं.

मी वहिनीला पंचवटीत आईकडे ठेवून घेतली. ड्रेसिंगला जवळ पडतं असं दादाला कळवलं. दुसऱ्या दिवशी पाळी संपवून तो आलाच, खिशात दुसरी ट्यूब घेऊन. मी दारातच त्याला सगळं सांगितलं. रक्त, प्राणवायू, आकडा, सर्जन. तो ऐकत होता. मग आईला म्हणाला, "बघ, तुझी पोरगी मला शिकवते." आई म्हणाली, "अगं, लावतोय ना तो बिचारा. किती नवरे लावतात?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्याच्या खिशातून मी ट्यूब हिसकावली आणि मोरीच्या जाळीवर पिळून रिकामी केली. त्याने माझ्या कानाखाली अशी ठेवून दिली की डोळ्यांपुढे अंधार आला. ओट्यावर सांडशी होती. मी ती उचलली आणि त्याच्या तोंडावर हाणली. एकदा नाही, दोनदा. भुवई फाटली. रक्त डोळ्यात, शर्टावर, फरशीवर. तो खाली बसला तेव्हा मला जे वाटलं ते सांगते. मला बरं वाटलं. अजून मारावंसं वाटलं. या गोष्टीचा मला पश्चात्ताप नाही आणि होणारही नाही.

आईने माझ्या हातातून सांडशी काढून घेतली, कापूस आणि हळदीचा डबा आणला आणि माझ्या पुढ्यात ठेवला. म्हणाली, "तू मारलंस. आता तूच लाव."

कुणीही हसलं नाही. दादानेसुद्धा निमूट तोंड वर केलं. आणि मी लावलं. त्याच्या भुवईवर कापूस दाबताना माझा आवाज आपोआप मऊ झाला. "थांब हं, झोंबेल," असं मीच म्हणत होते. त्याच्या कपाळावर माझा हात फिरत होता आणि क्षणापूर्वी मी काय केलं ते पुसत होता. मी किती चांगली आहे असं मला वाटायला लागलं होतं. बोटांना लागलेली हळद बघून मला एकदम ओकारी आली. मोरीत जाऊन ओकले. वडील का लावायचे, दादा का लावतो, ते मला तेव्हा कळलं. मारण्याचा तो उरलेला अर्धा भाग होता, आणि गोड भाग तो होता.

वहिनी भिंतीला टेकून पाय लांब करून बसली होती. तिने सगळं पाहिलं.

त्यानंतर दादा आला तो अगदी शहाण्यासारखा. भुवईला पट्टी, हातात केळी, खिशात नवी ट्यूब. मला म्हणाला, "तुझं भांडण तुझ्यापाशी. बायको माझी आहे." वहिनीच्या पायाशी मांडी घालून बसला. बाहेर गल्लीत भाजीच्या गाड्या परतत होत्या, दार सताड उघडं होतं. त्याने ड्रेसिंगची पट्टी सोडवायला हात घातला.

वहिनीने पाय मागे घेतला.

त्याला कळलंच नाही. त्याला वाटलं दुखतंय. "हळू लावतो," म्हणाला. तिने पाय साडीखाली घेतला आणि म्हणाली, "हात लावू नका."

"काय?"

"मारायचं तर मारा. पण हे नाय लावून घ्यायची मी. पाय माझा हाय."

दादाचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. शिवी दिली असती, थुंकली असती, तर त्याने नेहमीसारखं मारलं असतं. या वेळी त्याने हात उगारला नाही. मग त्याने दोन्ही हातांनी तिचा घोटा धरून तिला स्वतःकडे ओढली. तिचं डोकं जमिनीवर आपटलं. तिच्या मांडीवर गुडघा रोवून त्याने पट्टी फाडून काढली, ट्यूब दाताने उघडली, आणि सगळं मलम अंगठ्याने तिच्या जखमेत कोंबायला लागला. "घे. घे लावून. घे ना," म्हणत होता. अंगठा आत जात होता. वहिनी जी किंचाळली तसं किंचाळणं मी माणसाचं ऐकलं नव्हतं. गाड्या थांबल्या. मी त्याच्या पाठीवर पडले, गळा आवळला, दंडाला चावले, तोंडात रक्ताची चव आली तरी तो सोडेना. वहिनीने दुसरा पाय उचलून त्याच्या तोंडावर मारला. त्याच्या दातातून रक्त आलं, तरी अंगठा निघाला नाही.

काढला तो आईने. कुठून तिच्यात बळ आलं ठाऊक नाही. तिने त्याचे केस दोन्ही मुठीत धरले आणि मान अशी मागे ओढली की तो गुरासारखा ओरडून बाजूला पडला. ती त्याच्या छातीवर पाय देऊन उभी राहिली, साठीला आलेली बाई, पदर गळालेला. म्हणाली, "नाही म्हणाली ना ती? ऐकू येत नाही?" तो म्हणाला, "अगं, मी औषध लावत होतो."

"मला ठाऊक आहे काय लावत होतास," आई म्हणाली. "तुझा बापही लावायचा. पट्टा परवडला असं वाटायचं मला. पट्ट्याखाली निदान गप्प पडून राहता यायचं. लेप लावला की बरं वाटतंय म्हणावं लागायचं." मग ती माझ्याकडे वळून ओरडली, "बघत काय बसलीस, रिक्षा बोलव."

उचलून रिक्षात घालेपर्यंत वहिनीची साडी गुडघ्यापासून खाली भिजली होती. मी जखम हाताने दाबून धरली होती आणि बोटांमधून मलम आणि रक्त एकत्र बाहेर येत होतं, गुलाबी, साय धरल्यासारखं. सरकारी दवाखान्यात घेतलं. सर्जनांना कळवलं, ते आले. मेलेलं सगळं कापून काढलं, हाडाजवळपर्यंत गेले. बाहेर येऊन म्हणाले, "पाय राहील. मांडीची कातडी काढून लावावी लागेल नंतर. पण राहील." आई तिथेच बाकावर बसली आणि तोंडावर पदर धरून रडली. मला वाटतं ती सगळ्या जुन्या वर्षांचं रडत होती, पण मी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी हवालदार जबाब घ्यायला आला. पन्नाशीचा, घामाघूम, तेच ते जबाब वर्षानुवर्षं लिहून कंटाळलेला. दादा वॉर्डाच्या दाराबाहेर उभा होता, काचेतून दिसत होता. हवालदाराने खुर्ची ओढली, कागद पॅडला लावला आणि वहिनीकडे न बघताच विचारलं, "पाय घसरून पडल्या ना?" आणि तिच्या उत्तराआधीच लिहायला सुरुवात केली. माझं तोंड उघडलं होतं. आईने माझा हात दाबला.

"नाय," वहिनी म्हणाली. तिचा आवाज बसला होता, किंचाळून किंचाळून. "नवऱ्याने मारलं. बुटाने."

हवालदाराचा पेन थांबला. त्याने तिच्याकडे पाहिलं, मग काचेबाहेर पाहिलं. लिहिलेलं खोडलं आणि नव्याने लिहिलं. मग उशाचे केसपेपर चाळत म्हणाला, "ही लाथ जुनी दिसते बाई. काल काय झालं?"

"काल औषध लावलं."

"औषध लावलं, ते ठीक आहे. मारलं काय ते सांगा."

"तेच सांगतेय," वहिनी म्हणाली. "लिहा. औषध लावलं."